भाड्याचा फ्लॅट मुदतीआधी सोडायचाय? मालकाला फोन करायच्या आधी हे वाचा

नोकरी बदलली, बदली झाली, घरी कुणाचं आजारपण निघालं, कारण काहीही असो, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्यानं राहायला देण्याचा करार) केलंय आणि पाचव्याच महिन्यात घर सोडायची वेळ आलीय तर पहिल्यांदा ॲग्रीमेंटची पीडीएफ उघडा. रजिस्टर झालेलीच हवी हं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ११ महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि रजिस्टर करावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते, त्यामुळे "नोटरी केलंय, चालतं" असं एजंट म्हणाला तरी ऐकू नका.

त्यात दोनच गोष्टी शोधा, लॉक-इन (जी मुदत संपायच्या आत घर सोडता येत नाही ती) आणि नोटीस (सोडायच्या किती आधी कळवायचं ते). समजा १ जूनला राहायला आलात आणि लॉक-इन ६ महिन्यांचं आहे, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत तुम्ही अडकलात. आता शब्द नीट बघा. "लॉक-इननंतर एक महिन्याची नोटीस" असं असेल तर डिसेंबरचं भाडंही धरून चाला. लॉक-इनच्या आत निघालात तर बहुतेक करारांत उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं लिहिलेलं असतं. पण घाबरून लगेच सगळे पैसे देऊन टाकू नका. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाईच देतं. म्हणून मालकाशी सरळ बोला, दुसरा भाडेकरू शोधायला मदत करा, तो लवकर आला तर मालकाचं नुकसानच कमी होतं आणि तडजोडीला जागा मिळते.

नोटीस लेखीच द्या. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टानं पाठवा, त्यात घर कुठल्या तारखेला रिकामं करणार ते स्पष्ट लिहा. फोनवर "हो हो, चालेल" म्हणालेले मालक नंतर तसं काही बोललोच नाही म्हणतात.

"शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या" असं स्वतःच ठरवून भाडं थांबवू नका, मालकानं लेखी होकार दिला तरच. नाहीतर चूक तुमच्या बाजूला जाते.

चावीचं मात्र मनापासून सांगतो. मी एकदा चावी वॉचमनकडे ठेवून गावाला गेलो, मालक बारा दिवसांनी आले आणि "ताबा मला आज मिळाला" म्हणून बारा दिवसांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं. माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता. त्यामुळे मालक किंवा त्यांचा माणूस समोर असतानाच चावी द्या, सगळ्या खोल्यांचा, नळांचा, गीझरचा व्हिडिओ काढा, लाईटच्या मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो घ्या आणि एका कागदावर तारीख, चाव्या किती दिल्या, डिपॉझिट किती आणि कधी परत मिळणार हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. गॅस, लाईट, सोसायटीचं जे काही बाकी असेल ते त्याच दिवशी भरून पावत्या जपा. ठरलेल्या तारखेला डिपॉझिट आलं नाही तर वकिलाच्या नोटिशीला हाच कागद जोडायचा.