जुनी गाडी घेताय? बडोद्यात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

दांडिया बाजारात चार मंडळी जमली आणि जुन्या गाडीचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, "ओळखीतल्याची घे, ऑटो कन्सल्टवाल्याच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डीलरच्या, नादी लागू नकोस." दुसरा म्हणतो, "ओळखीत पैशाचा व्यवहार नकोच, उद्या गाडी बिघडली तर बोलणार काय?" दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

खासगी विक्रेत्याकडे गाडीचा इतिहास तुमच्यासमोर खुर्चीत बसलेला असतो. कोण चालवायचं, कुठे लावायचे, शेवटचा क्लच कधी बदलला, सगळं विचारता येतं. पण पैसे हातात पडले की त्याला धरायला तुमच्याकडे काही उरत नाही. डीलरकडे उलटं असतं. दुकान आहे, पाटी आहे, पक्कं बिल घेतलं तर ग्राहक आयोगात जाता येतं. मात्र त्याच्या फाटकातून आत येईपर्यंत गाडीचा इतिहास पॉलिश होऊन गेलेला असतो. म्हणून खासगीत कागद घट्ट बांधायचे आणि डीलरकडे इतिहास उकरून काढायचा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. ओळखीत कागद मागायला संकोच वाटतो, आणि दुकानात चकाकी बघून बॉनेट उघडायचंच राहून जातं.

पुराचा प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारणं

बडोद्यात गाडी घेताना ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून आधी हीच. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला होता. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशा भागांत पाणी शिरलं. बेसमेंटमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या पुष्कळ गाड्या विमा कंपन्यांनी 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशा, ठरवल्या. अशी गाडी भंगारातच जाते असं नाही. ती लिलावात जाते, कोणीतरी स्वस्तात उचलतो, धुऊन-पुसून चालू करतो आणि आरसी बुकासकट ती बाजारात परत येते. कधी याच शहरात, कधी आणंद-गोध्रा फिरून.

"गाडी पाण्यात गेली होती का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "ऑगस्ट चोवीसच्या पुरात गाडी कुठे लावली होती?" खरा मालक लगेच सांगतो: पुलावर नेऊन लावली होती, किंवा आमच्याकडे पाणी आलंच नाही, किंवा हो, सीटपर्यंत आलं होतं. डीलर म्हणेल, "मला काय माहीत, मी तर आत्ता घेतली." हे खरंही असू शकतं. मग गाडीलाच विचारायचं.

सीटबेल्ट धरा आणि संपेपर्यंत बाहेर ओढा. नेहमी वापरात येतो तेवढा पट्टा सगळेच धुतात. शेवटचा हातभर भाग रीळात गुंडाळलेला राहतो आणि तिथे गाळाची मातकट रेघ सापडते. मग पुढची सीट मागे सरकवून रुळांवरचे बोल्ट बघा. पाच वर्षांच्या गाडीत तिथे गंजाचे पापुद्रे असायचं कारण नाही. डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खोलगट जागेत बोट फिरवा. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा, तो महिनोन् महिने ओल धरून ठेवतो. फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर गाडी कितीही स्वस्त असो, तिथूनच मागे फिरा. इंजिन दुरुस्त होतं. वायरिंग आणि कनेक्टर मात्र पुढची दोन-तीन वर्षं एकेक करून दगा देत राहतात, कधी पॉवर विंडो, कधी एअरबॅगचा दिवा. आणि गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर काचा बंद करून, एसी न लावता दहा मिनिटं आत बसा.

याहून सोपा पुरावा कागदावर असतो आणि तो फारसं कोणी वाचत नाही. विक्रेत्याच्या चालू पॉलिसीवर एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, टक्का छापलेला असतो. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० होतो. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणात थेट शून्य. म्हणजे एकाच मालकाकडे २०१८ पासून असलेल्या गाडीवर ५० टक्के दिसायला हवेत. तिथे २० किंवा २५ दिसले तर बोटांवर वर्षं मोजत मागे जा, आणि मोजणी २०२४ च्या पावसाळ्यावर येऊन थांबली तर क्लेमचे कागद मागा. एनसीबी वाचवणारं जोडकव्हर घेतलेलं असेल, पॉलिसी नव्वद दिवसांहून जास्त काळ खंडित झाली असेल किंवा मालक बदलला असेल तर हा हिशोब जुळत नाही. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) पॉलिसी असेल तर त्यावर एनसीबी नसतोच. अशा वेळी सीटबेल्टवरच भिस्त.

दुकानात उभी आहे म्हणजे दुकानदाराची आहे, असं समजणं

कन्सल्टच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी काही त्याने स्वतः विकत घेतलेल्या असतात, काही 'पार्क अँड सेल'च्या असतात: गाडी मालकाची, जागा याची, विकली गेली की कमिशन. दोन्हींत धोका वेगळा आहे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही पैसे डीलरला देता, आणि त्याने ते मालकापर्यंत पोचवले नाहीत तर मालक सहीच करत नाही. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नको. "गाडी तुमची की ठेवायला आलेली?" हा असू दे. ठेवायला आलेली असेल तर आरसीवरच्या मालकाशी फोनवर तरी बोला आणि मोठी रक्कम शक्यतो त्याच्याच खात्यात जाऊ दे.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम आहेत. आरटीओकडून पाच वर्षांचं अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मालकाने गाडी सोपवली की फॉर्म २९सी मधून पोर्टलवर तशी नोंद करायची. नोंद झाली की गाडीची जबाबदारी डीलरवर येते. प्रमाणपत्र बघायला मागा. "अरे, एवढी वर्षं धंदा करतोय, कोणी मागितलं नाही" हे उत्तर आलं, तर निदान कोणाशी बोलतो आहोत ते कळतं.

बिलाचं एक. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे हे ऐकून लोक दचकतात. तो कर डीलरच्या नफ्यावर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. चार लाखांच्या गाडीवर वरून ७२ हजार कोणी मागत असेल तर हिशोब लिहून मागा. दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहारात हा कर लागतच नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास

डिजिटल मीटर मागे फिरवणं आता किरकोळ काम झालं आहे. आकडा वाचण्याआधी टायर वाचा. कडेला चार अंक कोरलेले असतात: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर २६ हजार, आणि चारही टायर २०२३ चे? कंपनीचे टायर इतक्या लवकर जात नाहीत. ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगवर हात टेकतो ती जागा, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, यांचं वयही मीटरशी जुळायला हवं. सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद. मालकाला सोबत घ्या किंवा त्याच्याकडून मागवा. तारखेनिशी किलोमीटर तिथे असतात. "बाहेरच सर्व्हिस करायचो" हे पाच वर्षांहून जुन्या गाडीच्या बाबतीत पटण्यासारखं आहे, दोन वर्षांच्या गाडीच्या बाबतीत नाही.

गाडी बघायला जाताना पोचायच्या आधी सुरू करून ठेवू नका, असं सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, थांबा. थंड इंजिन पहिल्या किल्लीला जे बोलतं ते नंतर बोलत नाही.

ओळखीत कागद न बघणं

"आपलेच आहेत, कागद काय पळून जातात का!" इथेच घोळ होतो. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, गाडी घरी येते आणि आरटीओचं काम दिवाळीनंतर बघू म्हणून राहतं. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत (खरेदीदार दुसऱ्या राज्यातला असेल तर ४५) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे; गाडी हातोहात कितीही फिरली असली तरी. म्हणजे घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. कोरे फॉर्म सही करून देऊ नका आणि घेऊही नका.

बडोद्यात आणखी एक प्रकार नेहमी दिसतो. काका वारले, मुलगा अमेरिकेत, गाडी काकूंच्या दाराशी धूळ खात पडलेली. गाडी सुंदर असते, किलोमीटर खरेच कमी असतात, आणि काकू सांगतील तो प्रत्येक शब्द खरा असतो. पण काकूंची सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर करायची, इतर वारसांची संमती घ्यायची, मग तुमच्या नावावर. हे सगळं होईपर्यंत बयाणा थोडाच द्या. काकूंना दरजीपुराच्या आरटीओचे हेलपाटे घालायला लावू नका, कागदपत्रं तुम्हीच जमवा. व्यवहार लवकर होतो आणि संबंधही राहतात.

कर्जाचं बघायला परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. बँकेचं नाव दिसलं तर कर्ज फिटलं असलं तरी बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरलेला नाही. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. त्याच बैठकीत ई-चलनं तपासा. आणि रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे. आतेभाऊ असला तरी पैसे बँकेतूनच द्या, तोच तुमचा पुरावा.

पुण्याची गाडी स्वस्त पडते, असं वाटणं

मामाची एमएच-१२ पासिंगची गाडी निम्म्या भावात मिळते आहे, हा मोह आपल्याकडे घरोघरी होतो. भावात हे धरा: तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), गुजरातचा रोड टॅक्स नव्याने, जीजे-०६ चा नंबर, आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळवण्याची खटपट. बारा महिन्यांपेक्षा जास्त त्या नंबरवर इथे फिरवता येत नाही. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी असेल तर ती इथवर का आली हे उघड आहे: तिथे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, म्हणून अशा गाड्या बाहेर विकल्या गेल्या. घेऊ नये असं नाही, पण भाव त्या हिशोबाने पाडून घ्या.

सीएनजीची टाकी न बघणं

किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असं चढलेलं हवं, आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी अडवते. एवढं बघितलं तरी पुरे.

घेऊन झाली, आता अडलंय

विमा जुन्याच मालकाच्या नावावर राहिला असेल तर आजच कंपनीला कळवा. घेतल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असतं. थर्ड पार्टी कव्हर गाडीसोबत आपोआप येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. विकणाऱ्याचा एनसीबी त्याच्यासोबत जातो, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागेल.

ट्रान्स्फर पोर्टलवर अडकली असेल तर बहुतेकदा कारण तीनपैकी एक असतं: थकलेलं चलन, न उतरलेला बोजा, किंवा नोंदलेला मोबाइल नंबर जुन्या मालकाकडे आता चालूच नाही, त्यामुळे ओटीपी कोणालाच मिळत नाही. तिसऱ्यासाठी मालकाने आधी आपला नंबर अद्ययावत करून घ्यावा लागतो. डीलरमार्फत घेतली असेल तर हे काम त्याच्या गळ्यात घाला, लेखी, आणि ठरलेल्या किमतीतले थोडे पैसे नाव चढेपर्यंत मागे ठेवा. आधीच सगळे दिले असतील तर बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. ग्राहक आयोगात तेच लागतं.

जुना फास्टॅग आधीच्या मालकाला सांगून बंद करून घ्या, नाहीतर वासदच्या टोलवर पैसे त्याचे कापले जातील आणि तुमच्या गाडीला नवा टॅगही मिळणार नाही. आणि ताबा घेतानाच्या पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याच दिवशी दुपारचं चलन कोणी भरायचं, यावरून वाद होतात.