चिकट अल्बममधले जुने फोटो न फाडता कसे काढायचे आणि डिजिटल कसे करायचे

ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांची लग्नं झाली त्यांच्या घरातलं कुठलंही कपाट उघडा, तो अल्बम सापडणारच. जाड पुठ्ठ्याची पानं, त्यावर डिंकाच्या बारीक बारीक आडव्या रेघा, आणि वरून एक पारदर्शक प्लास्टिक जे उचलायचं, फोटो ठेवायचा, परत दाबायचं. तेव्हा सगळ्यांना हे भारी वाटलं कारण काळ्या पानांवर कोपरे चिकटवत बसायची कटकट गेली. आता तोच अल्बम फोटोंच्या मुळावर उठलाय. डिंक पिवळा पडतो, फोटोच्या पाठीत मुरतो, काही ठिकाणी दगडासारखा घट्ट होतो, आणि प्लास्टिक फोटोच्या चेहऱ्यावर चिकटायला लागतं. जितकी वर्षं थांबाल तितकं अवघड होणार, त्यामुळे रिटायर झाल्यावर निवांत करू वगैरे म्हणत असाल तर नका म्हणू.

आमच्या नात्यातले बहुतेक अल्बम फिरून फिरून माझ्याकडेच येतात, मला हे काम आवडतंही, पण नेटवरचे सल्ले वाचून कुणीतरी आधीच "थोडासा प्रयत्न" केलेला अल्बम आला की डोकं फिरतं.

सामान काही विशेष नाही. मोबाइल, खिडकी, बटर पेपर, मऊ ब्रश, मऊ शिशाची पेन्सिल, आणि मेडिकलच्या दुकानात मिळतो तो दातांचा फ्लॉस, मेण न लावलेला साधा. पुदिन्याच्या वासाचा आणू नका, नंतर फोटोला वास येतो. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा आणि फोटो कडेनेच धरा.

सगळ्यात आधी, कशालाही हात लावायच्या आधी, प्रत्येक पानाचा प्लास्टिकसकट एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. चकाकी आली तरी चालेल. पुढे काही फाटलंच तर हा एवढाच पुरावा उरतो, शिवाय कुठला फोटो कुठल्या शेजारी होता हे नंतर तारखा लावताना फार उपयोगी पडतं. बरेच जण हे टाळतात कारण कंटाळा येतो. करा.

आता खरं काम

इथे मी स्वतः पण सुरुवातीला बरीच अडकायचे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ऋतू. पावसाळ्यात हे काम करायचंच नाही. फोटोचा जो वरचा थर असतो, ज्यात चित्र असतं, तो जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन दमट हवेत ओलावा ओढून मऊ होतं. मऊ झालं की ज्याला टेकेल त्याला चिकटतं, म्हणूनच फ्रेममधले फोटो काचेला चिकटून बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे फोटोचं काय होत असेल विचार करा. मे महिन्यातली दुपार पण नको कारण उकाड्याने डिंक पातळ आणि तारदार होतो. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ, हवा कोरडी, बोटं गारठलेली, हीच वेळ. डिंक तेव्हा कडक असतो आणि बऱ्याचदा टक् टक् आवाज करत सुटतो. म्हणूनच ते फ्रीजरमध्ये पान ठेवायचं जे सांगतात ना, त्याची आपल्याला गरज नाही. बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं आणि मग आगीतून फुफाट्यात.

दुसरी गोष्ट, आधी फोटो कसला आहे ते बघा. एखादा फोटो कोपऱ्यात सुटलेला असतोच, त्याची पाठ बघायची. पाठ गुळगुळीत, प्लास्टिकसारखी, आणि त्यावर तिरप्या ओळींत फिकट अक्षरात कोडॅक किंवा कोनिका असं काहीतरी परत परत छापलेलं असेल, तर तो प्लास्टिकचा थर दिलेला कागद आहे. साधारण सगळे रंगीत फोटो असेच. डिंक त्यात खोलवर मुरत नाही, हा बहुतेक वेळा निघतो. पण कृष्णधवल फोटो, जाडसर, पाठ साध्या कागदासारखी, कडा नक्षीदार कातरलेल्या, असा असेल तर हात आखडता घ्या. तो कागद डिंक पिऊन बसलेला असतो आणि ओढला की कागदाचे दोन पापुद्रे होतात, वरचा तुमच्या हातात आणि खालचा अल्बममध्ये. आजी-आजोबांचे चौकोनी फोटो, ॲग्फा क्लिक थ्री सारख्या कॅमेऱ्यांनी काढलेले, कुणीतरी हौसेने काळ्या पानांच्या अल्बममधून काढून या चिकट अल्बममध्ये लावलेले असतात, तेच जास्त धोक्यात असतात आणि त्यांचीच दुसरी कॉपी कुठे नसते.

मग प्लास्टिक. ते वरच्या दिशेने सरळ उचलायचं नाही. एका कोपऱ्यातून सोडवून मागे दुमडायचं आणि जवळजवळ पानालाच समांतर, अगदी हळू ओढत न्यायचं, एक हात फोटोवर हलका ठेवून. ओढताना तिरक्या उजेडात बघत राहा. फोटोचा चकचकीतपणा कुठे प्लास्टिकबरोबर वर येतोय असं वाटलं, किंवा बारीक चरचर ऐकू आली, की तिथेच थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचंच, "अजून जरासं" नाही. तो फोटो प्लास्टिकसकटच राहू दे, त्याचा फोटो वरूनच काढू, कसा ते खाली सांगते.

प्लास्टिक निघालं की फ्लॉस. साधारण हातभर धागा घ्या, दोन्ही बोटांना गुंडाळा, फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे करत तिरपा आत न्या. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची, धाग्याचा दाब खाली पुठ्ठ्याकडे हवा, वर फोटोकडे नको. म्हणजे काही फाटायचंच असेल तर पुठ्ठा फाटेल. फोटोच्या पाठीला पुठ्ठ्याचा पापुद्रा चिकटून आला तर येऊ दे, तो खरवडून काढत बसू नका, पाठ कुणी फ्रेम करून लावत नाही. आणि फोटो वाकवायचा नाही. सुटलेला कोपरा धरून वर उचलायचा मोह होतो, सगळ्यांना होतो, पण वाकला की वरच्या थराला बारीक तडा जातो आणि तो तडा बरोबर कुणाच्या तरी चेहऱ्यावरून जातो. सुटलेल्या भागाखाली बटर पेपरची पट्टी सरकवत राहा म्हणजे परत चिकटणार नाही. डिंकाच्या रेघा आडव्या असतात, त्यामुळे धागा एक रेघ तोडतो, मग जरा मोकळं लागतं, मग पुढची रेघ. हा हिशोब एकदा हाताला कळला की काम पटापट होतं.

हेअर ड्रायर वापरू नका. मला माहितीये सगळीकडे तेच लिहिलंय. गरम हवेने डिंक मऊ होतो हे खरं, पण त्याच हवेने फोटो वळतो आणि वरचा थर पण मऊ होतो, आणि घरातल्या ड्रायरचं तापमान कुणाच्या बापाला कळत नाही. आमच्या एका नातेवाइकांनी मुंजीचा फोटो असा काढला, तो आता गुंडाळी होऊन बसलाय आणि सरळ करायला गेलं की कडकड वाजतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, ही नावंसुद्धा काढू नका. बटर नाइफ आणि उलथनं स्वयंपाकघरात राहू दे.

जे निघत नाहीत ते निघत नाहीत. काचेला चिकटलेले, एकमेकांना चिकटलेले, पाणी लागून गेलेले. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेले फोटो अजून असतात, त्यावर गाळाचा तपकिरी डाग असतो, कधी दोन-तीन फोटोंची एकच वडी झालेली असते. ती सोडवायचा उद्योग घरी करू नका. जुने कागद आणि फोटो दुरुस्त करणारे प्रशिक्षित लोक असतात, त्यांचं ते काम. आपण वरचा दिसतोय त्याचा फोटो काढायचा आणि वडी बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवून द्यायची.

फोटोचा फोटो

स्कॅनर असेल तर उत्तम, ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ठेवा. चार बाय सहा इंची फोटोची फाइल ३६०० बाय २४०० पिक्सेलची होते, पुढे दुप्पट मोठा प्रिंट काढायला पुरते. याच्या वर जाऊन उपयोग नाही, कागदावर तेवढा तपशीलच नसतो, नुसती फाइल फुगते.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो. ऊन थेट येत नाही अशी मोठी खिडकी बघा, फोटो जमिनीवर किंवा पाटावर ठेवा, घरातले दिवे आणि फ्लॅश बंद. मुख्य लेन्सच वापरा, वाइड अजिबात नको, त्याने कडा ओढल्या जातात. फोन अगदी जवळ नेऊ नका, जरा उंच धरून दोन एक्स झूमवर काढा, सावली पण पडत नाही. फोन बरोबर समांतर आहे का हे कळायला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, काही फोनमध्ये खाली बघताना दोन अधिक चिन्हं दिसतात, ती एकमेकांवर आली की फोन समांतर. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोट लागून हलणार नाही.

चकचकीत फोटोत छत किंवा तुमचाच हात दिसत असेल तर एका काळ्या टी-शर्टला किंवा पुठ्ठ्याला लेन्सपुरतं भोक पाडून फोन त्यामागे धरा. चकाकी म्हणजे समोरच्या उजळ वस्तूचं प्रतिबिंब, समोर काळं असेल तर प्रतिबिंबही काळं, म्हणजे दिसणारच नाही. प्लास्टिकखाली अडकलेले आणि काचेला चिकटलेले फोटो पण असेच निघतात. सत्तर-ऐंशीतले जाळीदार खडबडीत पृष्ठभागाचे फोटो असतात त्यांना मात्र एका बाजूने उजेड देऊ नका, जाळीचा प्रत्येक खड्डा सावली टाकतो आणि चेहऱ्यावर पुरळ आल्यासारखं दिसतं. समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा चादर उभी करून उजेड दोन्हीकडून सारखा करा.

क्रॉप करा, सरळ करा, झालं. कृष्णधवल फोटोत रंग भरणारी आणि चेहरे "सुधारणारी" ॲप वापरायची असतील तर कॉपीवर वापरा, मूळ फाइलवर नाही. ते ॲप तुमच्या आजीला दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे लावतं, आणि नऊवारीचा रंग मनानेच ठरवतं.

नावं आणि तारखा

हे नाही केलं तर सगळी मेहनत पाण्यात, कारण पुढच्या पिढीला ते नुसते अनोळखी लोक. घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाकडे जा, दुपारच्या चहानंतर, एका वेळी एकच अल्बम, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून, अर्थात त्यांना सांगून. "हा कोण?" असं विचारत सुटलात तर परीक्षा दिल्यासारखं होतं आणि "कोण जाणे बाई" असं उत्तर मिळतं. माझ्या आत्याला मी विचारते, "आत्या, हा फोटो काढला कुणी?" की मग कॅमेरा कुणाचा होता, रोल संपेल म्हणून काका कसे एकेक फोटो मोजून काढायचे, सारसबागेत त्या दिवशी भेळेवरून कोण रुसलं होतं, सगळं आपोआप येतं आणि त्यात नावं पण येतात. मध्येच थांबवून चुका दुरुस्त करू नका. दोन बहिणींना एकत्र बसवलंत तर भांडण होईल पण माहिती दुप्पट मिळेल.

तारीख कुणालाच आठवत नसेल तर फोटोतच शोधा. मागे स्कूटर असेल आणि पाटीवर एमएच १२ असेल तर फोटो साधारण १९८९ नंतरचा, कारण नंबरांची ही पद्धतच तेव्हा आली. पुण्याच्या पेशवे पार्कमधल्या फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या रेल्वेत, बसलेलं पोर असेल तर १९५६ नंतरचा, गाडीच त्या वर्षी सुरू झाली. बाळ कुणाच्या कडेवर आहे आणि त्याचा वाढदिवस कधी, यावरून तर वर्ष काय, महिना पण निघतो.

फाइलचं नाव वर्षाने सुरू करा, मग जागा, मग माणसं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. स्कॅन केलेल्या फाइलवर आजची तारीख पडते, ती फोटोच्या ॲपमध्ये जाऊन बदला नाहीतर १९७४ चं डोहाळजेवण कालच्या पार्किंगच्या फोटोशेजारी दिसेल. मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात की ते दाबून लहान करतं आणि मग काकू विचारतात एवढं धुरकट का.

फाइलच्या दोन कॉपी, दोन वेगळ्या घरांत. ऑनलाइन ठेवलीत तर ती तिसरी.

मूळ फोटो परत चिकट अल्बममध्ये जाणार नाहीत हे सांगायला नकोच. कोपऱ्यांचे साधे अल्बम किंवा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची पाकिटं घ्या, पीव्हीसीची नकोत, आणि डिंक लागलेल्या पाठी काही दिवस बटर पेपरवर मोकळ्या ठेवून मगच आत घाला. माळ्यावर नको, बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीतल्या कपाटात तर नकोच. मधल्या खोलीतलं कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर पावसाळ्याआधी बदलायच्या. डांबरगोळ्या टाकू नका.

रिकामा अल्बम टाकायच्या आधी पहिलं पान उघडून बघा, तिथे बहुतेक वेळा "सप्रेम भेट" आणि देणाऱ्याचं नाव असतं, त्याचाही एक फोटो काढून फोल्डरमध्ये टाका. उरलेला पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही, सगळीकडे डिंक आणि प्लास्टिक असतं, सुक्या कचऱ्यातच द्यावा लागतो.