भुईआवळीची टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे अर्कातले घटक प्लेटवर वेगळे करून ओळखण्याची पद्धत): कोकणातल्या पावसाळ्यात पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पावसात परसात नि बांधावर भुईआवळी उगवते, तेव्हा तिच्या जुडीत तिच्या बहिणीही येतात. आपल्याला हवी ती फायलॅन्थस अमारस; युरिनारिया आणि डेबिलिस दुरून तशाच दिसतात. जुन्या पुस्तकांत आपल्याकडच्या भुईआवळीला 'निरुरी' म्हटलेले आढळेल, पण ती जाती अमेरिका खंडातली आहे. प्रमाण नमुना (तुलनेसाठीचा, ओळख पक्की असलेला) मागवताना हे नाव तपासून घ्या.

आधी भिंग लावा. अमारसच्या फुलाला पाच निदलपुंज-दले, फळ गुळगुळीत, बियांवर उभ्या रेघा. युरिनारियाचे खोड लालसर, फळ खरबरीत, बियांवर आडव्या रेघा. फुला-फळांसकट एक रोप दाबून ठेवा. ते नसेल तर पुढच्या निकालाला आधार नाही.

बरेच नवखे गॅलिक आम्ल शोधतात. ते या सगळ्यांत असते, त्यामुळे त्याने जात ठरत नाही. फायलॅन्थिन आणि हायपोफायलॅन्थिन ही दोन संयुगे शोधा. अमारसमध्ये ती ठळक मिळतात, युरिनारिया आणि डेबिलिसमध्ये सहसा नाहीत. ती मुख्यतः पानांत असतात, म्हणून खोड-मुळे वेगळी काढा.

पाने सावलीत, ४० अंशांच्या आसपास ड्रायरमध्ये वाळवा. श्रावणात नुसती पसरली तर बुरशी धरतात. १ ग्रॅम पूड २० मिली मिथेनॉलमध्ये वॉटर बाथवर अर्धा तास उकळा, गाळा, २ मिलीपर्यंत आटवा. हिरवा रंग काढायला आधी पेट्रोलियम ईथरने धुण्याचा मोह टाळा! ही दोन्ही संयुगे त्यात विरघळतात, त्यामुळे तुम्ही नेमके शोधायचे तेच ओतून टाकाल.

सिलिका जेलची प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवून डेसिकेटरमध्ये (ओल न शिरणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. इथल्या दमट हवेतली ओल सिलिका पटकन शोषते, मग सगळे ठिपके वर सरकतात आणि कालचा आरएफ (ठिपक्याने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर) आज जुळत नाही. म्हणून आरएफच्या आकड्यावर विसंबू नका. प्रमाण फायलॅन्थिन आणि ओळख पक्की असलेल्या अमारसचा अर्क प्रत्येक प्लेटवर शेजारीच लावा. नमुना ५ मायक्रोलिटर, ८ मिमी पट्टीत. जास्त लावलात तर हिरवा लोळ दोन्ही पट्ट्या झाकतो.

हेक्झेन, टोल्युईन, इथाइल अॅसिटेट २:२:१ असे मिसळा, चेंबरमध्ये (प्लेट उभी ठेवायच्या झाकणाच्या भांड्यात) ओतून आत गाळणकागद लावा, २० मिनिटे ठेवा, मग प्लेट आत उभी करून द्रावक ८ सेंमी धावू द्या. मग मिथेनॉलमधील १० टक्के सल्फ्युरिक आम्ल फवारून १०५ अंशांवर ५ ते १० मिनिटे तापवा. आम्ल गार मिथेनॉलमध्ये थेंब थेंब घालायचे, उलटे कधीच नाही. फवारणी फ्यूम हुडमध्येच.

पट्टी दिसली म्हणजे जुडी शुद्ध, असे नाही: अर्धी युरिनारिया मिसळली तरी पट्टी दिसतेच. दिसली नाही तर खोड जास्त होते का, माल जुना होता का, तेही पाहा. शंका आली तर त्याच जुडीतली दहा रोपे सुटी करून प्रत्येकाची पाने वेगळी तपासा.