ऑफिससाठी लॅपटॉप, लायसन्स, सर्व्हर घेताय? या चुका टाळा

मार्च एंड जवळ आला की चाकण असो, सातपूर असो नाहीतर गोकुळ शिरगाव, मध्यम कंपन्यांच्या आयटी खरेदीचं चित्र सारखंच असतं. बजेट शिल्लक आहे, डेप्रिसिएशन (टॅक्समधला घसारा) घ्यायचंय, चला तीन कोटेशन मागवा आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर, असेल त्याला पीओ (खरेदीची ऑर्डर) देऊन मोकळे व्हा. पण कॉम्प्युटरवर ४० टक्के डेप्रिसिएशन मिळतं ते वर्षात १८० दिवस किंवा जास्त वापर झाला तर, त्यापेक्षा कमी झाला तर निम्मं म्हणजे २० टक्केच, आणि त्यासाठीसुद्धा मशीन ३१ मार्चच्या आत प्रत्यक्ष वापरात आलेलं लागतं, स्टोअरमध्ये खोक्यात पडलेल्या लॅपटॉपवर क्लेम होत नाही. त्यामुळे खरेदी करायचीच असेल तर सप्टेंबरच्या आत करा, भावतावालाही वेळ मिळतो आणि सीएसुद्धा खूश.

आता कोटेशन. माझं ठाम मत आहे की आयटीतलं कोटेशन फक्त पहिल्या दिवसाचा खर्च दाखवतं, आणि तुम्ही निर्णय मात्र तीन-चार वर्षांचा घेत असता. तीन कोटेशन शेजारी शेजारी ठेवा आणि किमतीचा कॉलम थोडा वेळ झाकून बाकीचं वाचा. एकात विंडोज प्रो लिहिलेलं असतं, दुसऱ्यात नुसतं 'विंडोज ११', आणि तो दुसरा चार-पाच हजारांनी स्वस्त का ते तिथेच कळतं, कारण ते होम एडिशन असतं. होम एडिशन ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे सर्व्हरवरून सगळी मशीन सांभाळणाऱ्या नेटवर्कला, जॉइन होत नाही, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनला एकदम लावायचे नियम) लागत नाही. मग वॉरंटी, 'तीन वर्षं' असं मोठ्या अक्षरात असतं पण ऑनसाइट (माणूस ऑफिसात येऊन दुरुस्त करणार) की कॅरी-इन (मशीन आपण सर्व्हिस सेंटरला न्यायचं) ते शेवटच्या पानावर, आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा एकच वर्षाची, ती वेगळी वाढवून घ्यावी लागते. आठ जीबी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल आणि मोकळा स्लॉट नसेल तर ती मशीन कधीच वाढणार नाही, हे लेखी विचारा. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे कोटेशनची व्हॅलिडिटी पण बघा, आठवड्याभराची असेल तर मॅनेजमेंटची सही येईपर्यंत ती संपलेली असते.

होम एडिशन आधीच आली असेल तर फॉरमॅट मारायची गरज नाही, प्रोची ओरिजिनल की घेऊन सेटिंगमधल्या अॅक्टिव्हेशनमधूनच अपग्रेड होतं. आणि ऑनलाइन सेलमधून कुणाच्या तरी पर्सनल अकाउंटवर लॅपटॉप मागवू नका प्लीज, बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर नसला की १८ टक्के इनपुट क्रेडिट गेलं, म्हणजे सेलमध्ये वाचवलेलं सगळं तिथे परत दिलं.

विंडोज १० वाले अजून खूप आहेत. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि दोन टोकाच्या चुका होताना दिसतात. एक म्हणजे 'चालतंय ना, चालू दे', आणि दुसरी म्हणजे एखाद्या व्हेंडरने घाबरवलं म्हणून सगळीच्या सगळी मशीन भंगारात. आधी बघा तरी! विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, ती तपासायला रनमध्ये जाऊन टीपीएम डॉट एमएससी टाका, 'टीपीएम सापडला नाही' असं आलं तरी लगेच नवीन मशीन मागवू नका, बऱ्याचदा तो बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतो, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने सापडेल, तो चालू करा आणि परत तपासा. साधारण आठव्या जनरेशनपासूनचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात. खरंच जुनी असलेली मशीन बदला, आणि एखाद्या सीएनसीला किंवा टेस्टिंग मशीनला जोडलेला पीसी बदलताच येत नसेल तर त्याला इंटरनेटपासून तोडा किंवा मायक्रोसॉफ्टचे वाढीव पैसे देऊन मिळणारे अपडेट घ्या. कंपन्यांसाठी त्यांचा दर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४ आहे, आणि पहिलं वर्ष टाळून दुसऱ्या वर्षी घ्यायला गेलात तर पहिल्याचेही भरावे लागतात. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, म्हणजे साध्या ऑफिस पीसीसाठी हा रस्ता परवडतच नाही.

सगळ्यात जास्त पैसा मात्र सबस्क्रिप्शनमध्ये जातो आणि तो दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ पार्टनरकडून वर्षाच्या करारावर घेतलं की सीट (माणशी एक लायसन्स) कमी करायला सात दिवस मिळतात, नंतर रिन्युअलपर्यंत माणसं सोडून गेली तरी पैसे चालूच. महिन्याच्या करारावर साधारण २० टक्के जास्त पडतात पण सीट कमी करता येते, म्हणून पर्मनंट लोकांसाठी वर्षाचा आणि ट्रेनी, कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी महिन्याचा असं मिसळून घ्या, हे कुठलाही पार्टनर आपणहून सांगणार नाही. एकदा अॅडमिन सेंटरमध्ये बसून लायसन्सची यादी एचआरच्या हजेरीशी ताडून बघा, त्यात गेल्या दिवाळीत राजीनामा दिलेल्या सेल्सवाल्याचं नाव हमखास असतं, आणि वर त्याला सगळ्यात महागडा प्लॅन लावलेला असतो कारण त्याच्या मेल जपून ठेवायच्या होत्या. त्याची मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्समध्ये बदला, ५० जीबीपर्यंत तिला लायसन्सच लागत नाही. फक्त ते आधी करा आणि मग लायसन्स काढा, उलटं केलंत तर ३० दिवसांनी मेल गेल्या.

एआयबद्दल एकच सांगते, 'सगळ्यांना देऊन टाकू' हा निर्णय घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला एआय मदतनीस कोपायलट नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी आला तेव्हा माणशी महिन्याला ३० डॉलर आणि किमान ३०० सीटची अट होती, ती अट जानेवारी २०२४ मध्येच काढली. त्या दराने ४० जणांना दिलं तर वर्षाचे १४,४०० डॉलर. आधी पाच-सहा जणांना द्या, ज्यांचं काम दिवसभर मेल आणि एक्सेलमध्ये चालतं अशांना, आणि दोन महिन्यांनी वापराचा रिपोर्ट काढा. त्याही आधी शेअरपॉइंटच्या, म्हणजे कंपनीच्या फाइल जिथे शेअर होतात तिथल्या, परमिशन तपासा, कारण हे टूल त्या माणसाला जे जे उघडता येतं ते सगळं वाचतं, आणि पगाराची शीट चुकून सगळ्यांना शेअर असेल तर ती कुणीही विचारली की समोर येणार.

अकाउंटिंग सॉफ्टवेअर किंवा ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेत असाल तर ऑडिट ट्रेल, म्हणजे कुठली नोंद कधी आणि काय बदलली याचा इतिहास, आहे का आणि तो बंद करता येत नाही ना, ते डेमोमध्येच बघा, प्रायव्हेट लिमिटेडलाही १ एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे.

आणि घेतानाच बाहेर पडायचं कसं ते विचारा. एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, सगळं सबस्क्रिप्शनवर, आणि ज्यांचे सगळे सर्व्हर त्यावर होते त्यांच्याकडे घासाघीस करायला जागाच उरली नाही. तुमच्याकडे एवढं मोठं काही नसेल, पण कंपनीचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा आणि मेलचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते माहितीये का? वेबसाइट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या मेल आयडीवर घेतलेलं असतं, त्याच्याशी बिनसलं की वेबसाइटबरोबर मेलही अडकतात. संबंध चांगले आहेत तोवरच ते कंपनीच्या अकाउंटवर ट्रान्सफर करून घ्या, नाहीतर निदान ऑथ कोड (डोमेन ट्रान्सफर करायला लागणारा कोड) मागून ठेवा. डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये परत मिळेल आणि किती दिवसांत, हे पीओच्या अटींत टाका. क्लाउडवर असाल तर डेटा बाहेर काढायचे पैसे लागू शकतात, तो दर आजच विचारा.

बॅकअप तर सगळेच घेतात, रिस्टोअर करून कुणी बघत नाही. नॅस (नेटवर्कला जोडलेला स्टोरेज बॉक्स) त्याच नेटवर्कवर आणि त्याच अॅडमिन पासवर्डवर असेल तर रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला की बॅकअपही लॉक होतो, म्हणून एक कॉपी अशी हवी जी ठरलेल्या मुदतीत अॅडमिनलाही डिलीट करता येणार नाही. आणि हल्ला झालाच तर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) सहा तासांत कळवायचं असतं, लॉग (सिस्टिममध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवसांचे लागतात, फायरवॉल घेताना तेवढी स्टोरेज धरलीये का ते बघा, बऱ्याच कोटेशनमध्ये नसते.

जाता जाता, सर्व्हर रूममध्ये विंडोज सर्व्हर २०१६ चालू असेल तर त्याचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. टॅली किंवा ईआरपीवाल्याला आत्ताच फोन करा आणि त्यांचं कुठलं व्हर्जन कुठल्या सर्व्हरवर चालतं ते मेलवर लिहून घ्या, हार्डवेअरचं कोटेशन त्यानंतर मागवा.