नवा फ्लॅगशिप येतोय म्हणे, मग तोवर करायचं काय?

मोठ्यांना टक्कर द्यायला निघालेल्या एका नव्या कंपनीच्या फ्लॅगशिपचा, म्हणजे तिच्या सगळ्यात वरच्या फोनचा, टीझर आला. काळी स्क्रीन, फोनच्या कडेवरून सरकत जाणारी उजेडाची रेघ, खाली एक तारीख आणि मोठ्या कंपन्यांना चिमटा काढणारी एक ओळ. बास, तेवढ्यावर ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आता ॲपल-सॅमसंगचं काही खरं नाही, दुसरी म्हणते असले छप्पन पाहिलेत. मी दोन्हीकडे राहून आलोय, एकदा पहिल्याच दिवशी प्री-ऑर्डर करून हात पोळून घेतलेत आणि एकदा उगाच संशय घेत बसून चांगला फोन सोडलाय, म्हणून टीझर ते खरेदी या मधल्या दिवसांत काय करायचं ते एकदाचं लिहून काढतो.

पहिलं काम हातातल्या फोनचं. नोट्स ॲप उघडा, एक कोरी नोट करा आणि पंधरा दिवस फोननं जेव्हा जेव्हा वैताग दिला तेव्हा तिथल्या तिथे एक ओळ टाका, वेळ घालून. रात्री आठवून लिहू नका, रात्री फक्त नव्या फोनचे व्हिडिओ आठवतात. माझी मागची नोट अशी होती: "४.१०, बॅटरी २२, घरी जायला अजून तीन तास." "लिफ्टमधून बाहेर आलो, रेंज येईपर्यंत ओटीपी एक्स्पायर." "भाची पळत होती, सहा फोटो काढले, सहाही हललेले." पंधरा दिवसांत एकोणीस ओळी झाल्या, त्यातल्या अकरा बॅटरीच्या. फोन स्लो आहे अशी ओळ एकही नाही, आणि मी मात्र रोज झोपायच्या आधी बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, आकडे चघळत बसलेलो!

तुमच्याही नोटमध्ये बॅटरीच निघाली तर सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दिसते का बघा, ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर आधी बॅटरी बदला. ॲपल स्वतःच सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चार्ज सायकलनंतर (शंभर टक्के बॅटरी वापरून झाली की एक सायकल) आणि १५ पासूनच्या १००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता धरून राहतील अशा बनवल्यात, म्हणजे दोन-तीन वर्षांनी दम कमी होणं ठरलेलंच आहे, त्यात फोनचा गुन्हा काही नाही. बॅटरी बदलली की वाट बघायला डोकं शांत राहतं. घाईत असलेल्या माणसाला कुठलाही फोन आवडतो.

आता लीक्स, म्हणजे लाँचच्या आधीच फुटणारी माहिती. लीक वाचू नका असं मी सांगणार नाही, मीही वाचतो, मजा येते. फक्त प्रत्येक लीकला एक प्रश्न विचारा: ही माहिती आत्ता कुणाच्या हातात असू शकते? कव्हर बनवणाऱ्यांना फोनची लांबी-रुंदी आणि कॅमेऱ्याची जागा आधी लागते, त्यामुळे बाहेरचा आकार दाखवणारी रेंडर्स, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं, बऱ्याचदा बरोबर निघतात. सर्टिफिकेशनची कागदपत्रं सरकारी असतात, अमेरिकेत एफसीसी, चीनमध्ये थ्रीसी, तिथे चार्जिंगचे वॅट, नेटवर्कचे बँड्स असल्या गोष्टी दिसतात आणि त्या सहसा खोट्या नसतात. गीकबेंच या बेंचमार्क ॲपच्या साइटवरची लिस्टिंग मात्र जपून घ्या, तिथे डिव्हाइसचं नाव बनावट टाकता येतं. आणि "कॅमेरा सगळ्यांना झोपवणार" हे कुणालाच माहीत नसतं, कारण कॅमेऱ्याचं ट्यूनिंग विक्रीच्या तोंडावरही चालू असतं. किमतीचंही तसंच, ती बदलायला एक स्लाइड बदलायची असते फक्त.

कधीकधी लीक कंपनीच करते हेही लक्षात ठेवा. जून २०१९ मध्ये पिक्सेल ४ ची चित्रं फिरायला लागल्यावर गूगलनं स्वतःच मागच्या बाजूचा फोटो टाकून दिला, फोन आला ऑक्टोबरमध्ये. उलट २०१० मध्ये आयफोन ४ चा नमुना एका बारमध्ये विसरला गेला तो खराखुरा घोटाळा. आजकाल विसरले जाणारे फोन फार सोयीच्या वेळी विसरले जातात, असं आपलं माझं मत.

आता मुख्य गोष्ट. नवी कंपनी जेव्हा म्हणते की आम्ही मोठ्यांना टक्कर देतोय, तेव्हा स्पेक शीट, म्हणजे फोनमध्ये काय काय आहे त्याची यादी, घ्या आणि तिचे मनातल्या मनात दोन ढीग करा: पैसे टाकून विकत आणता येतं ते एकीकडे आणि घरीच कमवावं लागतं ते दुसरीकडे. चिप क्वालकॉम किंवा मीडियाटेककडून येते. कॅमेरा सेन्सर बऱ्याचदा सोनीचा, स्क्रीन सॅमसंग डिस्प्ले नाहीतर चीनच्या बीओईची. आयफोनमध्येसुद्धा सोनीचे सेन्सर आणि सॅमसंगच्या स्क्रीन असतात. म्हणजे सामान सगळ्यांना एकाच बाजारात मिळतं, चेक फाडला की झालं. स्पेक शीटवर मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं ते जवळजवळ सगळं याच ढिगातलं.

दुसऱ्या ढिगात काय येतं? कॅमेऱ्याचं प्रोसेसिंग, अँटेना आणि मोडेमची (नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाची) जुळणी, फोन तापल्यावर कसा वागतो, अपडेट वेळेवर येतात का, आणि स्क्रीन फुटली तर पार्ट मिळतो का. हे स्लाइडवर येत नाही कारण त्याचा आकडा नसतो, आणि टक्कर हरतात ती इथेच. ॲमेझॉनचा फायर फोन २०१४ मध्ये आला, चेहऱ्याचा माग काढायला पुढे चार जादा कॅमेरे, पण गूगलचं ॲप स्टोअरच नाही. काही महिन्यांत १७ कोटी डॉलरचा फटका हिशोबात लिहायला लागला. २०१७ चा इसेन्शियल फोन तर अँड्रॉइड सुरू करणाऱ्या अँडी रुबिनचा, टायटॅनियमची फ्रेम, सिरॅमिकची पाठ, हातात घेतला की दागिना वाटावा असा, पण कॅमेऱ्याला पहिल्या दिवसापासून शिव्या बसल्या. ६९९ डॉलरचा फोन दोनेक महिन्यांत ४९९ वर आला आणि २०२० मध्ये कंपनीच बंद झाली.

टक्कर जमतच नाही असंही नाही हां. वनप्लस वन २०१४ मध्ये आला तेव्हा त्याच्यातही मोठ्या फ्लॅगशिपवाली क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१ चिप होती आणि किंमत २९९ डॉलर, तो इन्व्हाइट असेल तरच विकत मिळायचा, लोक त्यासाठी अनोळखी माणसांना मेसेज करत होते. मी तोच तो सोडलेला. आपण म्हणालो नवी कंपनी आहे, वर्षभरात गायब होईल. असो.

पहिला ढीग वाचतानाही डोळे उघडे हवेत, कारण नावं फसवी असतात. चिपच्या नावातलं एक अक्षर बघा. नथिंग नावाच्या कंपनीनं जुलै २०२५ मध्ये फोन ३ आणला, आमचा पहिला खरा फ्लॅगशिप म्हणून, आणि आत स्नॅपड्रॅगन ८एस जेन ४, तेव्हाची सगळ्यात वरची ८ एलिट होती. लोक त्याच्यावरूनच भांडत बसले. ८एस वाईट नाही, रोजच्या वापरात फरक कळणारही नाही बहुतेकांना, पण फ्लॅगशिप म्हणून पैसे मोजताना तुम्हाला ते माहीत असायला हवं. स्टोरेजचंही तेच, सगळ्यात स्वस्त व्हेरियंटमध्ये कधीकधी जुन्या पिढीचं स्टोरेज असतं, गॅलॅक्सी एस२३ च्या १२८ जीबीवाल्यात यूएफएस (स्टोरेजचा प्रकार) ३.१ होतं आणि २५६ वाल्यात ४.०. निट्सचा, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचा, तो हजारोंचा आकडा स्क्रीनच्या एका चिमुकल्या तुकड्यावर मोजलेला असतो, उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते तो आकडा वेगळा, तो शोधा.

आणि मेगापिक्सेल सोडा, सेन्सरचा आकार बघा. तो १/१.३, १/२.५५ असा अपूर्णांकात लिहितात, खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. गंमत म्हणजे "१ इंची" सेन्सर एक इंच नसतोच, तो साधारण १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, कर्ण मोजला तरी १६ मिमीच्या आसपास. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या काचेच्या नळीवरून आलंय, नळी इंचाची होती, चित्र तिच्या आत छोट्या भागात पडायचं, नळी गेली पण माप राहिलं. तरी आकार मोठा असला की उजेड जास्त येतो, म्हणजे कमी उजेडात पळणाऱ्या भाचीचा फोटो हलण्याची शक्यता कमी, म्हणून ज्याच्या नोटमध्ये माझ्यासारखी ती ओळ असेल त्यानं हाच आकडा आधी बघावा.

लाँच इव्हेंट जरूर बघा, पण नजर खालच्या बारीक अक्षरांवर ठेवा. "पर्यंत" हा शब्द जिथे असेल तिथे आकडा अर्धा समजून ऐका, ग्राफच्या उभ्या रेघेवर आकडे नसतील तर तो ग्राफ म्हणजे नुसतं चित्र. कॅमेऱ्याचे नमुने तर कंपनीच्या हातचे मानूच नका. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकियानं ल्युमिया ९२० चा व्हिडिओ दाखवला, सायकलवरची मुलगी, काय स्थिर चित्र, वा. कुणीतरी मागच्या खिडकीतलं प्रतिबिंब नीट बघितलं तर तिथे एक व्हॅन आणि मोठा कॅमेरा घेतलेला माणूस. नोकियानं माफी मागितली. २०१६ मध्ये ह्युआवेनं पी९ च्या जाहिरातीत टाकलेल्या फोटोच्या माहितीत कॅनन ५डी मार्क ३ असं एका मोठ्या कॅमेऱ्याचं नाव निघालं.

मग रिव्ह्यू. पहिल्या दिवशीचे रिव्ह्यू साधारण आठवडाभर वापरून एकाच तासाला प्रसिद्ध होतात, ते खोटे असतात असं नाही, पण आठवड्यात जे कळतं तेवढंच त्यांच्यात असतं. गॅलॅक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा रिव्ह्यू एक से एक होते, बॅटऱ्या पेटायला लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये फोनच बंद करावा लागला. आयफोन १५ प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये तापतो म्हणून ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये अपडेट येऊन बरंच निवळलं. दोन्ही गोष्टी साधारण दीड महिन्याच्या आत उघड झाल्या, म्हणून माझा हिशोब सरळ आहे, विक्री सुरू झाल्यापासून सहा आठवडे. कॅलेंडरमध्ये लाँचच्या तारखेबरोबर हीही तारीख टाकून ठेवा.

त्या सहा आठवड्यांत तुम्ही तीन गोष्टी शोधायच्या. एक, सलग वीस मिनिटांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये (तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवून फोन दमवणं) पहिल्या आणि शेवटच्या फेरीत किती फरक पडतो, कारण एका फेरीचा बेंचमार्क म्हणजे शंभर मीटरची शर्यत. २०२२ मध्ये सॅमसंग ॲप्सचा वेग दाबतं पण बेंचमार्कचा नाही हे निघाल्यावर गीकबेंचनं एस१० पासून एस२२ पर्यंतच्या चार पिढ्या यादीतून काढल्या होत्या. दोन, अपडेट किती वर्षं आणि कसले. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासून गूगल-सॅमसंग सात वर्षं देतायत, तर टक्कर देणारा काय म्हणतो ते बघा, आणि अँड्रॉइड व्हर्जन आणि सिक्युरिटी पॅच हे आकडे वेगवेगळे विचारा. तीन, सर्व्हिस.

सर्व्हिसवर मी जरा जास्त बोलणार, पोळलेले हात इथलेच. पहिल्या दिवशी घेतलेला तो फोन एका नव्या कंपनीचा, नाव राहू दे. चौथ्या रात्री लाइट बंद करून वाचत होतो, ब्राइटनेस पार खाली, आणि राखाडी पान हिरवट दिसायला लागलं, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. आधी वाटलं माझे डोळे. कस्टमर केअर म्हणालं अपडेट येईल. अपडेट आलं, हिरवट तसंच. मग म्हणाले स्क्रीन बदलू, पण पार्ट नाही. पाच आठवडे मी जुना फोन घेऊन फिरलो आणि भेटेल तो विचारायचा, अरे नवा घेतलेलास ना? तेव्हापासून मी एकच करतो, विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या चॅटवर जाऊन मागच्या मॉडेलची स्क्रीन बदलायला किती पैसे आणि किती दिवस असं विचारतो. नव्या मॉडेलचं विचारलं तर गोड उत्तर मिळतं, जुन्याचं विचारलं की खरं उत्तर मिळतं, किंवा उत्तरच मिळत नाही, तेही उत्तरच झालं.

डेमो फोन हातात मिळाला तर दहा मिनिटांत काय बघायचं: टेबलावर उताणा ठेवून टाइप करा, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे डुगडुगतो का. एका हातात धरून अंगठा वरच्या कोपऱ्यात न्या. ब्राइटनेस तळाला नेऊन राखाडी पान उघडा, हाताचा आडोसा करा. चालत्या माणसाचा फोटो काढा, उभ्याचा सगळेच चांगला काढतात. शेवटी चार मिनिटं व्हिडिओ रेकॉर्ड करून कॅमेऱ्याशेजारची पाठ चाचपा.

प्रतिस्पर्ध्यांचं वेळापत्रकही डोक्यात ठेवा. गॅलॅक्सी एस वर्षाच्या सुरुवातीला येतो, आयफोन सप्टेंबरमध्ये, पिक्सेल आता ऑगस्टमध्ये यायला लागलाय, क्वालकॉमची नवी वरची चिप सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जाहीर होते. त्यामुळे उन्हाळ्यात आलेला फ्लॅगशिप काही महिन्यांतच जुन्या चिपचा ठरतो, आणि मोठ्यांचा मागच्या वर्षीचा फोन तोवर चांगला उतरलेला असतो, बऱ्याचदा खरी टक्कर त्या दोघांत असते.

सहा आठवडे झाले की ती जुनी नोट काढा आणि एकेका ओळीपुढे नवा फोन हे सोडवतो का ते लिहा, हो किंवा नाही, "बहुतेक" चालणार नाही. माझ्या एकोणीसातल्या अकरा नव्या बॅटरीनं सोडवल्या, उरलेल्या आठपैकी पाचांपुढे हो आलं, म्हणून घेतला. आणि घेतलात तर जुना फोन लगेच एक्स्चेंजला देऊन किंवा रिसेट मारून मोकळे होऊ नका, मुदत असेल तर आठवडाभर ठेवा. ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनसाठी लागणारे) कोड, चॅटचा बॅकअप, बँकेच्या ॲपची नोंदणी, यातलं काहीतरी एक हमखास मागे राहतं, आणि ते कळतं चौथ्या-पाचव्या दिवशी.