लिनक्स सुरू होताना स्क्रीन काळी पडली, तर

ग्रबच्या, म्हणजे कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या, मेनूत उबुंटू निवडलं, एंटर दाबलं आणि पुढे काळोख. लगेच पेनड्राइव्ह शोधून सगळं नव्याने टाकायला घेऊ नका. बऱ्याचदा सिस्टीम आत नीट चालू असते, फक्त दिसत काही नाही.

आधी तेवढंच तपासा. कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जिवंत आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएनही लागू शकतं. लॉगिन मागणारी ओळ आली, तर कन्सोल, म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा, ठणठणीत आहे आणि घोळ डेस्कटॉपचा आहे.

काहीच आलं नाही, तर मशीन पुन्हा सुरू करा. ग्रबचा मेनू दिसत नसेल तर सुरुवातीलाच एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून ठेवा. मेनूत ‘ई’ दाबा आणि ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्यातले ‘क्वाएट’ (quiet) आणि ‘स्प्लॅश’ (splash) खोडा, म्हणजे बूट, म्हणजे सिस्टीम सुरू होणं, कुठे अडतंय ते डोळ्यांना दिसेल. ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहा, सलग आणि छोट्या इंग्रजी अक्षरांत. मग कंट्रोल-एक्स.

आता चित्र आलं, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. नोमोडसेटमुळे तो स्क्रीनच्या मोडला हात लावत नाही, फर्मवेअरने, म्हणजे मशीनमधल्या मूळ सॉफ्टवेअरने, जे उभं केलंय त्यावरच भागवलं जातं. हा बदल एका बूटपुरता असतो आणि तो तसाच राहू द्या. कायमचा करून टाकलात तर व्हिडिओ अडखळतील, दुसरा मॉनिटरही चालेलच असं नाही.

कर्नल अपडेटनंतर हे सुरू झालं असेल, तर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून बघा. तो चालला म्हणजे नव्यात ड्रायव्हर बसलेला नाही. एनव्हिडियाच्या कार्डावर यामागे सिक्युअर बूट, म्हणजे सही पटलेलाच कोड चालू देणारी सोय, असू शकतं. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की सही न पटलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर पुन्हा टाका आणि या वेळी त्या पडद्यावर लक्ष ठेवा.

कन्सोल आला पण मराठी फाइलनावांच्या जागी चौकोन दिसतायत? तो बिघाड नाही. त्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. ती नावं डेस्कटॉपवरच्या टर्मिनलात वाचा.