नागपूर ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरच्या घरी कसा काढावा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. सपाट कागदावर उत्तरेकडचे देश ताणले जातात, त्यामुळे पट्टीची रेघ म्हणजे विमानाची वाट नव्हे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. सुतळी नको, जाड असल्याने ती नीट बसत नाही.

आधी दोरा विषुववृत्तावरून पूर्ण फिरवून मोजा. तो 94 सेंमी भरला, तर 1 सेंमी म्हणजे साधारण 425 किमी, कारण पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किमी आहे. गोलावर नागपूर लिहिलेलं नसलं तर 21 अंश उत्तर, 79 अंश पूर्व ही जागा शोधा. एक टोक तिथे, दुसरं लंडनवर, आणि दोरा चांगला ताणा. तो आपसूक वायव्येला सरकतो, कॅस्पियन समुद्र गाठतो. हीच सर्वांत जवळची वाट. दोरा साडेसतरा सेंमीच्या आसपास भरतो, म्हणजे 7,450 किमी. अर्धा सेंमी सैल राहिला तर दोनशे किमीची चूक होते, म्हणून तीनदा मोजा.

पण नागपूरहून लंडनला थेट विमान नाही. मुंबईमार्गे जायचं तर 680 आणि 7,200 किमी असे दोन टप्पे वेगळे धरा. प्रत्येक टप्प्याला 850 ने (विमानाचा साधारण ताशी वेग, किमीत) भागा आणि धावपट्टी, चढण-उतरणीचे 40 मिनिटं मिळवा. पहिला दीड तास, दुसरा सव्वानऊ तास. दहा-बारा किमी उंचीवर वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो, म्हणून जाताना आणखी पाऊण तास धरा. येताना तोच वारा वेळ वाचवतो. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली तर वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा हेच झालं.

घोळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. डिसेंबरात मुंबईहून दुपारी 2 ला निघून लंडनला 6:30 ला पोचणार असं दिसलं, तर प्रवास साडेचार तासांचा नाही. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे असतं, म्हणून तो दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो.

दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत किमान चार तास ठेवा. बॅग स्वतः घेऊन पुन्हा जमा करावी लागते, आणि टी-1 ला (टर्मिनल 1) उतरलात तर टी-2 पर्यंत रस्त्याने जावं लागतं.

आता गावापासूनचा हिशोब. यवतमाळहून एसटीला चार तास धरा. बुटीबोरीकडून येणारी गाडी वर्धा रोडने विमानतळाजवळूनच जाते, त्यामुळे गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत जाऊन परत फिरू नका. कुठे उतरवणार ते कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. एसटीचे चार, सोनेगावला (नागपूरचा विमानतळ) दोन, विमानाचा दीड, मुंबईत चार, पुढे दहा, आणि लंडनला पासपोर्ट तपासणी व बॅगेचा दीड: एकूण 23 तास.